तक्रार नसलेली बाई

डॉक्टर दारात दिसले की आत्या खाटेवरून उठून उभ्या राहायच्या. टाचेला चार बोटं लांब जखम, पाय पोटरीपर्यंत सुजलेला, आणि ह्या डोक्यावर पदर घेऊन ताठ उभ्या, भिंतीला हातसुद्धा न लावता. "अहो बाई, बसा, बसा," डॉक्टर म्हणायचे. आत्या बसायच्या नाहीत. ते पुढच्या खाटेकडे वळले की मग हळूच टेकायच्या आणि माझं लक्ष नाही असं वाटलं की ओठ दातांखाली धरायच्या. माझं लक्ष असायचं. त्या दिवसांत माझं दुसरीकडे कुठे लक्षच नसायचं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मी विशीतली, लग्नाला दोन वर्षं झालेली. माहेर संगमेश्वराकडचं, नदीकाठचं, भातशेतीचं. दिलं ते मात्र जयगडच्या खाडीवर. खारा वारा मला सोसायचा नाही, माशाचे काटे काढता यायचे नाहीत, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी सगळेच म्हणायचे. सासरी आल्यावर ती जीभ मी मोठ्या कष्टाने आवरून ठेवली होती. सासरे वारलेले. नवरा मुंबईला गोदीत कामाला, वर्षातून दोनदा येणार, शिमग्याला आणि गणपतीला. त्या वर्षी गणपतीला त्याला रजा मिळाली नव्हती. घरात आम्ही दोघी आणि एक गाय. त्या गायीशी आत्या जेवढं बोलायच्या तेवढं माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. "गुडघा धरलाय गो माझा," असं त्या गोठ्यात सांगायच्या, आणि मी मागून येऊन "काय झालं, आत्या?" विचारलं की म्हणायच्या, "काय नाय."

माघातल्या एका ओहोटीला आम्ही दोघी खडकावर कालवं काढायला गेलो होतो. खडकाला घट्ट चिकटलेलं शिंपलं कोयतीच्या टोकाने फोडायचं आणि आतलं मांस काढून घ्यायचं, असं ते काम. शिंपल्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या. आत्यांचा पाय शेवाळावरून घसरला आणि टाच उभी चिरली. त्यांनी पाय खाऱ्या पाण्यात बुचकळला, लुगड्याची चिंधी फाडून बांधली आणि टोपली भरेपर्यंत कालवं काढत राहिल्या. घरी हळद झाली, चुना झाला, कुणी सांगितलं म्हणून कसलासा पाला वाटून झाला. आठव्या दिवशी पाय हात लावता येईना इतका तापला. मी मुंबईला पत्र टाकलं, उत्तराची वाट न बघता शेजाऱ्याच्या मदतीने त्यांना पडावात बसवलं, पडावातून आगबोटीवर चढवलं आणि रत्नागिरीला आणलं. हे सगळं त्यांना न विचारता केलं. विचारलं असतं तर "काय नाय" हेच उत्तर मिळालं असतं.

दवाखाना बंदरापासून बैलगाडीने थोडा आत होता. भाड्याच्या कौलारू घरात मांडलेला, सहा खाटांचा. डॉक्टर घाटावरचे, दोनेक वर्षांपूर्वी इकडे आलेले. मोठ्याने बोलायचे, भराभर चालायचे, आणि माणूस मनाने साफ होता हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्यावर माझा राग निघणार आहे. त्यांनी जखम धुतली, पेनिसिलिनची सुई टोचली आणि आत्यांना विचारलं, "दुखलं का?"

"नाय, नाय. तुमचा हात हलका हाय," आत्या म्हणाल्या.

सुई टोचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं होतं. डॉक्टर मात्र खूश झाले. हात हलका आहे असं कुणी म्हटलं तर कुठल्या डॉक्टरला आवडणार नाही?

ज्याला आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्याला वाटेल, बाई धडधडीत खोटं बोलत होती. तसं नव्हतं. परक्या गावात परक्या घरी उतरलं की तिथे कुरकूर करायची नाही. भात कच्चा राहिला तरी पोटभर जेवायचं, अंथरूण टोचलं तरी सकाळी झोप छान लागली म्हणायचं. यजमानाला वाईट वाटेल असा शब्द तोंडातून निघता कामा नये. आत्यांच्या लेखी दवाखाना हे डॉक्टरांचं घर होतं आणि आपण तिथे पाहुणे. घरून आणलेले चार नारळ आणि उकड्या तांदळाचं गाठोडं त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या पत्नीकडे पोचतं केलं. मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर मी आमच्यापुरती पेज रांधायची, तर तिथे आत्यांनी मला सुकट भाजू दिली नाही. डॉक्टरांच्या घरात मासळीचा वास नको. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून पाणी घेऊन येते, तो आत्या केरसुणी घेऊन खाटांखालचा केर काढतायत.

"आत्या, पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलंय ना?"

"लोकाच्या घरात नुसतां पडून खायचां?" त्या म्हणाल्या आणि पार कोपऱ्यापर्यंत झाडून आल्या.

डॉक्टरांची फेरी सकाळी व्हायची. दारात उभे राहूनच ते विचारायचे, "काय बाई, कसं काय आज?"

"बरां हाय."

"ठणका लागतो का?"

"नाय."

"रात्री झोप?"

"झ्याक लागली. तुमच्या किरपेनं सगळां बरां हाय."

सकाळी ताप नसायचा. ताप संध्याकाळी दिवे लागताना चढायचा, आणि तेव्हा आत्या गोधडी गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, "बघितलंस? उभ्या राहतायत म्हणजे पायात बळ येतंय." पलीकडच्या खाटेवर एक मास्तर होते, पोटाचं काहीतरी दुखणं घेऊन आलेले, ते दिवसभर कण्हायचे आणि पेज पातळ, पेज घट्ट अशा तक्रारी करायचे. डॉक्टर त्यांना ऐकवायचे, "या बाईंकडे बघा जरा, मास्तर. चार दिवसांत एक तक्रार नाही." मास्तर माझ्या सासूकडे असे बघायचे की जणू तिनेच त्यांची पेज पातळ केली होती.

आत्या संकोचाने पदर आणखी पुढे ओढायच्या. त्यांना ते कौतुक आवडत होतं, हे मला दिसत होतं. आयुष्यात कुणी त्यांचं एवढं कौतुक केलं नसावं.

मग मी का बोलले नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुढे खूप वर्षं विचारला. एक तर सासू परक्या माणसाला "बरां हाय" म्हणते आहे, आणि सुनेने मध्ये तोंड घालून "नाही, बरं नाही" म्हणायचं, हे आमच्या घरात होणारं नव्हतं. म्हणजे चारचौघांत तिला खोटं पाडायचं. पण तेवढंच कारण सांगितलं तर ते माझं खोटं होईल. मुंबईहून उलट पत्र आलं होतं. शिमग्याची रजा मिळाली आहे, गेल्या शिमग्यानंतर प्रथमच येतो आहे, आठ दिवस राहीन. शिमग्यात आमच्या गावात देवाची पालखी घरोघर येते. दारात पालखी येणार, घरच्या सवाष्णीने ओटी भरायची, ती सवाष्ण मी. आत्यांना पालखीचा ध्यास लागला होता, मला नवऱ्याचा. वर्षभरात त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मनात सारखं एकच गणित चालायचं, आज किती दिवस राहिले, कुठली आगबोट धरली तर वेळेवर पोचू. आत्या "बरां हाय" म्हणाल्या की माझंही एक मन चोरून म्हणायचं, असेल, बरं असेल.

मला एका जागी बसवत नसे. पडवीतून विहिरीपर्यंत, विहिरीवरून रस्त्यापर्यंत, पुन्हा आत. बंदरातून आगबोटीचा भोंगा ऐकू आला की हातातलं काम तसंच राहायचं. डॉक्टरांच्या पत्नी एकदा म्हणाल्याही, "अहो, तुम्हीच पेशंट आहात की काय? जरा टेका." मी टेकले आणि लगेच उठले.

आता पट्टीचं सांगते. एक दिवसाआड कंपाउंडर पट्टी बदलायला यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या येण्याच्या वेळेआधी आत्यांनी मला खूण केली, मागच्या पडवीत नेलं आणि स्वतःच पट्टी सोडली. वरून जखम मिटत आलेली दिसत होती. पण टाचेच्या आतल्या बाजूला एक बारीक तोंड होतं, आणि त्यातून पिवळं पाणी पट्टीला लागलं होतं. त्यांनी ते चिंधीने पुसून काढलं, बोटाने दाबून आणखी काढलं, आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"धुवून आण. उन्हात वाळव. तो यायच्या आत बांधू या."

"आत्या, त्याला दिसू दे की. त्याचं कामच आहे ते."

"असलां घाण फडकां त्या माणसाच्या हातात द्यायचां? तो काय आपला गडी हाय?"

मी विहिरीवर नेऊन ती पट्टी धुतली. त्यानंतर ते दर खेपेचंच झालं. कंपाउंडर पट्टी सोडायचा, ती कोरी करकरीत, जखम पुसून लख्ख, आणि तो डॉक्टरांना जाऊन सांगायचा, जखम कोरडी पडली. आत्या समाधानाने मान हलवायच्या. घर सारवून-झाडून ठेवलं की आलेल्या माणसासमोर जसं बरं वाटतं, तसं ते होतं त्यांच्या दृष्टीने.

पण पट्टी धुणारे हात माझे होते. वास माझ्या बोटांना लागायचा, राखेने घासले तरी जायचा नाही, पेज खाताना नाकात शिरायचा. माहेरी आमच्या एका बैलाच्या खुरात काटा मोडला होता. खूर वरून चांगला दिसायचा, आत पू धरत गेला, आणि तो बैल पुन्हा कधी नांगराला उभा राहिला नाही. तोच वास होता. मला कळत होतं. कळत होतं आणि मी पट्टी धूत होते, वाळवत होते, घडी घालून आणून देत होते. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

शेवटी एका दुपारी धीर करून म्हटलं, "आत्या, डॉक्टरांना सांगू या. मी सांगते. तुम्ही नका बोलू."

"काय सांगणार तू?"

"पू येतो म्हणून. ताप येतो म्हणून."

"गप ऱ्हा. एवढी येवस्था ठेवली माणसानं, रोज सुया टोचल्या, आणि तेंना सांगायचां तुमच्यानं बरां झालां नाय? तेंच्या जिवाला काय वाटल?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मंगळवारच्या बोटीनं गेलो तर पालखीला पोचतो."

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पाय पाहिला, वरवर दाबला, आणि म्हणाले, "बाई, तुम्ही उद्या घरी. शिमगा गावात करा." आत्यांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. त्या ताबडतोब गाठोडं बांधायला लागल्या. मी विहिरीवर गेले, रहाटाला टेकून उभी राहिले. उद्या घर. परवा-तेरवा नवरा. मला आनंद व्हायला हवा होता.

दुपारी डॉक्टर एक जाड वही घेऊन आत आले. ती वही मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनी ती मोठ्या हौसेने उघडून दाखवली. घरी जाणाऱ्या पेशंटने दोन ओळी लिहाव्यात, दवाखान्यात कसं वाटलं, काही कमी पडलं का. "पेशंट समाधानी गेला की नाही, हे आपल्याला कळायला नको?" ते म्हणाले. मी पानं उलटली. सगळे समाधानी गेले होते. कुणी व्यवस्था उत्तम म्हटलं होतं, कुणी डॉक्टर देवमाणूस म्हटलं होतं. एका पानावर नुसताच अंगठा होता, वर काहीच लिहिलेलं नव्हतं, पण तोसुद्धा समाधानीच असणार.

"सूनबाई, तुम्हाला लिहिता येतं ना? बाई सांगतील ते लिहा," डॉक्टर म्हणाले. दौत-टाक ठेवून बाहेरच्या खोलीत गेले.

मी सातवी पास होते. घरात पत्र वाचायचं-लिहायचं तेवढ्यापुरता त्याचा उपयोग. आत्या खाटेवर नीट मांडी घालून बसल्या, देवापुढे बसल्यासारख्या, आणि सांगू लागल्या.

"लिही, आमाला काय एक कमी पडलां नाय. डाक्टरसायेबांनी पोटच्या पोरासारखां बघितलां. पाय बरा झाला. काय दुखत नाय. लिहिलंस?"

"लिहिते आहे."

पहिली दोन वाक्यं मी त्यांनी सांगितली तशीच लिहिली. तिसऱ्याला टाक थांबला. पाय बरा झाला. हे मी माझ्या हाताने लिहायचं होतं, ज्या हाताने पट्ट्या धुतल्या त्या हाताने. मला एकदम संताप आला. आत्यांचा, डॉक्टरांचा, त्या समाधानी लोकांनी भरलेल्या वहीचा, आणि उद्याच्या बोटीसाठी गप्प बसलेल्या माझा. मी लिहिलं, "पायातून अजून पू येतो. कंपाउंडर येण्याआधी आम्ही पट्टी धुऊन बांधतो. ती मी धुते. रोज संध्याकाळी ताप असतो. तुम्ही आलात की त्या उभ्या राहतात, तुम्ही गेल्यावर त्यांना टाच टेकवत नाही. हे त्या सांगणार नाहीत. त्यांच्यासमोर मला विचारू नये."

"एवढां काय लिहितंस?" आत्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत तेच."

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठा पुढे केला. मी त्याला शाई लावली आणि त्यांनी माझ्या त्या ओळींखाली तो नीट, दाबून उमटवला. मग पदराच्या टोकाने शाई पुसली. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मी वही मिटली आणि बाहेरच्या खोलीत नेऊन दिली.

डॉक्टर बाहेर बसून वाचत असावेत. मग ते आत आले, ह्या वेळी दारात न थांबता सरळ खाटेपाशी. आत्या उठायला लागल्या. "उठू नका," ते म्हणाले, "पाय इकडे करा." पट्टी सोडली, पाऊल हातात घेतलं आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं.

"दुखतंय?"

"नाय."

आणखी दाबलं. आत्यांच्या कपाळावर घाम फुटला, तोंड पांढरं पडलं. "बरां हाय," त्या म्हणाल्या, आणि त्याच क्षणी पू उसळून डॉक्टरांच्या पांढऱ्या बाहीवर उडाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आत्या पुढे वाकून, स्वतःच्या पदराने डॉक्टरांची बाही पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "चुकी झाली, सायेब. कापडां खराब झाली तुमची."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि फैलावर घेतलं. आणखी काही दिवस असेच गेले असते तर हाडाला लागलं असतं, मग मुंबईला नेऊन पाऊल काढण्याखेरीज उपाय नव्हता. एवढी शिकलेली मुलगी, आणि पू धुऊन टाकते? मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. पण मग ते म्हणाले, "मी रोज विचारत होतो. रोज. एकदा तरी सांगायचं."

तिथे माझी आवरलेली जीभ सुटली. "तुम्ही दारातून विचारता, डॉक्टर. आमच्याकडे दारातून विचारणाऱ्याला बरं आहे असंच सांगतात. ती उभी राहते ती तुमच्या मानासाठी, पाय बरा आहे म्हणून नाही. हे तुम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही?"

एवढं बोलून मी घाबरले. डॉक्टरांनी बाहीकडे बघितलं. "नाही सांगितलं," ते म्हणाले. कंपाउंडरला हाक मारून त्यांनी पाणी उकळायला लावलं.

मंगळवारी सकाळी गुंगी देऊन टाच फाडली. आत्या शुद्धीवर येत होत्या तेव्हा बंदरातून भोंगा वाजला.

"बोट गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"वहीत काय लिहिलंस तू?"

मी सांगितलं. एकही शब्द न गाळता सांगितलं. त्या छताच्या वाशांकडे बघत ऐकत होत्या.

"माझा आंगठा हाय त्याच्यावर," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या.

त्यानंतर पुष्कळ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पेज दिली तर घ्यायच्या, पाणी दिलं तर प्यायच्या. मी शिव्या खायला तयार होते, कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गप्प माणसापुढे काय करायचं? डॉक्टर आता स्टूल ओढून खाटेजवळ बसायचे, त्यांना उठू द्यायचे नाहीत, आणि सावकाश विचारायचे. आत्या "बरां हाय" म्हणायच्याच. मग डॉक्टर माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवून हो किंवा नाही सांगायची. आत्यांना ते दिसायचं. त्या डोळे मिटून घ्यायच्या.

पालखी होऊन गेल्यावर नवरा गावाहून रत्नागिरीला आला. ओटी शेजारणीने भरली होती. पालखी आमच्या अंगणात नाचवली का, नारळ कुणी दिला, गायीला कोण बघतंय, हे आत्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. त्याने एकच विचारलं, "आई, कसां हाय?" आणि उत्तर काय मिळालं असेल ते मी लिहायला नको. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "आई तर बरी हाय म्हणते. मग एवढा गोंधळ कशाला घातलास?" मी त्याला दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना समोर उभं केलं. टाचेतला खड्डा बघून तो जमिनीवरच बसला. त्याच संध्याकाळी त्याला मुंबईची बोट धरायची होती. वर्षातला एवढाच सहवास, तोही औषधांच्या वासात. तो गेल्यावर मी मागच्या पडवीत बसून रडले, आणि मला त्यातलं किती त्याच्यासाठी होतं आणि किती आत्यांसाठी, ते सांगता येणार नाही.

चैत्र लागल्यावर आम्हाला घरी जायची परवानगी मिळाली. पाऊल शाबूत होतं, टाच एका बाजूने खचलेली. डॉक्टर बैलगाडीपर्यंत आले, आत्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. ह्या खेपेला वही कुणी काढली नाही. आगबोटीवर आत्या माझ्यापासून हातभर लांब बसल्या. पडावात उतरताना मी हात पुढे केला, तो न धरता त्यांनी खलाशाचा धरला.

धक्क्यावर वाडीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांनी आत्यांना घेरलं. दवाखाना कसा, डॉक्टर कसा, फाडलां तेव्हा दुखलां काय. आत्यांच्या अंगात एकदम हुरूप आला. "दवाखाना म्हणजे माहेर गो. काय कमी पडलां नाय. डाक्टर देवमाणूस. इतकां फाडलां, पण मला काय कळलांच नाय, येवढासुद्धा दुखलां नाय." बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. एकीने तर तिथेच ठरवलं, आपणही जाऊन गुडघा दाखवून यायचा. मी गाठोडं घेऊन बाजूला उभी होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. असं वाटत होतं की पुढे होऊन सगळं सांगून टाकावं. पण आता सांगायचं काय राहिलं होतं, आणि कुणाला?

बायका आपापल्या वाटेला लागल्या. आमचं घर वर, पाखाडीच्या टोकाला. जांभ्याच्या चढत्या पायऱ्या, ऊन डोक्यावर आलेलं. मी गाठोडं कडेवर घेऊन पुढे निघाले. राग होताच, म्हणून पाय भराभर पडत होते. आत्या मागून येत होत्या. वळण घेतलं, खालचा धक्का दिसेनासा झाला, आजूबाजूला माणूस नव्हतं.

मागची पावलं थांबली.

"जरा हळू चाल गो," आत्या म्हणाल्या. "दुखतां मला."

मी गाठोडं पायरीवर ठेवलं आणि खाली उतरून त्यांच्यापाशी गेले. कुठे दुखतंय ते विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.